पुरावा सरकारच्या दप्तरात, हेलपाटे कामगाराला

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०२३च्या सप्टेंबरात पात्रता निश्चितीची मोहीम काढली, तेव्हा अर्जदारांपुढे कागदपत्रांची यादी ठेवली. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, हजेरीपत्र, लिव्ह रजिस्टरची प्रत, पगाराची पावती, ग्रॅच्युइटीचा आदेश, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक, आणखीही काही. ही यादी सावकाश वाचावी. यातला एकही कागद कामगाराने घरी बसून तयार केलेला नाही. प्रत्येकाची मूळ नोंद झाली ती मालकाच्या नाहीतर सरकारच्या दप्तरात. कामगाराच्या हाती आली ती फार तर तिची नक्कल, आणि तीही चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, दोन-तीन पावसाळ्यांच्या गळतीत, गावाकडच्या ट्रंकेत टिकली तर टिकली.

आता दुसरी बाजू पाहा. ही योजना मुंबईतल्या ५८ गिरण्यांच्या कामगारांसाठी आहे. त्यांपैकी २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मालकीच्या. तिथे पगारपत्रकावर सही सरकारी महामंडळाची होत होती. ईएसआयची वर्गणी कामगाराच्या पगारातून कापली जात होती. ईएसआय महामंडळाचे प्रादेशिक कार्यालय, पंचदीप भवन, लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर, गिरणगावाच्या पोटातच उभे आहे. भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे आणि म्हाडाचे मुख्यालय गृहनिर्माण भवनही वांद्रे पूर्वेलाच. एका सरकारी इमारतीतून दुसऱ्या सरकारी इमारतीत चालत जाता येईल एवढे अंतर. पण ती माहिती आणायला जायचे कोणी? तर साताऱ्याहून, सिंधुदुर्गातून, कोल्हापूरहून एसटीने आलेल्या पासष्टी-सत्तरीच्या माणसाने, नाहीतर त्याच्या विधवेने.

माझे म्हणणे यावरच आहे. ज्या गोष्टीची नोंद सरकारकडे आहे, तिचा पुरावा नागरिकाकडे मागण्याचा अधिकार सरकारला असता कामा नये. आणि मागितलाच, तर त्यापायी होणारा उशीर मागणाऱ्या कार्यालयाच्या खात्यावर पडला पाहिजे. प्रशासन सुधारणेच्या नावाने आपल्याकडे पोर्टल निघतात, ॲप निघतात, सनदा छापल्या जातात, सुशासनाचे सप्ताह साजरे होतात. हा एक प्रश्न मात्र बाजूलाच राहतो, आणि तो सुटत नाही तोवर बाकीच्या सुधारणा लालबागच्या माणसापर्यंत पोचत नाहीत.

मुळात घरेच कमी का पडली, हा इतिहास लांबलचक आहे. तो थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. जमीन आटली तशी घरेही आटली. २८ जून २०१२च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, मे २०१६मध्ये २,६३४, त्याच वर्षी डिसेंबरात पनवेलजवळच्या कोन येथे सुमारे २,४००, आणि १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. एकूण बेरीज सोळा हजारांच्या आत राहते. अर्ज दीड लाखांहून अधिक.

हा तुटवडा राजकीय निर्णयांतून आला आहे आणि त्यावरचा लढाही राजकीयच राहणार. मुंबईबाहेर वांगणी-शेलूला घरे देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध गिरणी कामगार ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमले, ते त्याचसाठी. पण अर्ज मागवायला सुरुवात झाली ती २०१०च्या सुमारास. त्यातला खरा कामगार कोण, वारस कोण, हे ठरवण्याची मोहीम निघाली २०२३ साली. मधली बारा-तेरा वर्षे कशात गेली? घर बांधायला जमीन लागते, हे मान्य. अमुक माणूस १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर अमुक गिरणीत कामाला होता की नाही, हे ठरवायला एक चौरस फूटही जमीन लागत नाही. लागतात ती रजिस्टरे, ती उघडणारी माणसे, आणि हे काम आपले आहे असे मानणारे एक कार्यालय. ते तिसरे नव्हते.

कागदांच्या या मागणीचा सगळ्यात जास्त चटका बसतो बदली कामगाराला. पाळी सुरू होण्याआधी तो गिरणीच्या फाटकाशी उभा राहायचा. कोणी गैरहजर असले तर काम, नाहीतर माघारी. त्याची हजेरी तुटक, त्याचे साचे बदलते, त्याच्या पावत्या विखुरलेल्या. कायम कामगारापेक्षा कमी मिळवूनही कागद मात्र त्याच्याकडून तेवढेच मागितले जातात. दुसरा चटका नावांचा. गिरणीच्या वहीत कारकुनाने लिहिलेले ‘धोंडू राघो’, रेशनकार्डावर ‘धोंडीराम राघोबा’, आणि आधारवर त्यापुढे आडनाव. घरातल्या, गल्लीतल्या, गावातल्या प्रत्येकाला माहीत असते की हा माणूस एकच आहे. टेबलावरच्या माणसालाही बहुधा ते कळते. तरी तो लिहितो: ‘नावात तफावत, त्रुटी पूर्तता करावी.’ मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव, मग वारस दाखला, आणि मधल्या काळात मूळ अर्जदार वारला तर पुन्हा पहिल्यापासून.

कायदे नाहीत म्हणून हे होते असे कोणी म्हणत असेल तर त्याने महाराष्ट्राचे कायदे पाहावेत. आपल्याइतके चांगले कायदे फार थोड्या राज्यांत आहेत. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यानंतर २००५ साली बदल्यांचे विनियमन आणि दफ्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा कायदा झाला. १ जुलै २००६पासून तो लागू आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, निर्णयासाठी ती तीनपेक्षा अधिक पातळ्यांवरून फिरू नये, प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद लावावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा हक्क झाला, अपिलाच्या पायऱ्या आल्या, वर राज्य आयोग बसला, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

तरीही वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावरचे दृश्य फारसे बदलले नाही. का? उत्तर लोकसेवा हक्क कायद्यातच आहे. मुदत मोजायची ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्या दिवसापासून. अर्ज परिपूर्ण झाला हे ठरवणार तेच कार्यालय, ज्याच्यावर मुदत पाळण्याचे बंधन आहे. तेव्हा घड्याळ सुरूच न होऊ देण्याचा मार्ग सरळ आहे: त्रुटी काढा. एक त्रुटी आज, ती भागली की पुढच्या महिन्यात दुसरी, साहेब बदलले की तिसरी. कागदोपत्री एकही अर्ज मुदतीबाहेर जात नाही, आणि माणूस दोन वर्षे खेटे घालत राहतो. हक्काचा कायदा दारापर्यंत येऊन तिथेच थांबतो, कारण दार उघडण्याची किल्ली आतल्या माणसाकडे ठेवली आहे.

आतल्या माणसालाच खलनायक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. कारकुनाच्या खुर्चीत बसून पाहिले तर वेगळेच दिसते. एखाद्याला चुकून पात्र ठरवले तर चौकशी लागते, लेखापरीक्षणात शेरा येतो, निवृत्तीनंतर पेन्शन अडकते, अँटी करप्शनची भीती असते. खऱ्या माणसाला दहा वर्षे लटकवले तर मात्र काहीच होत नाही. तशा नोंदीचा रकानाच कुठे नाही. अशा व्यवस्थेत होकार देणे धोक्याचे आणि त्रुटी काढणे सुरक्षित. शहाणा माणूस सुरक्षित वाट धरतो. शिवाय जागा रिकाम्या असतात, एका टेबलावर तिघांचे काम असते, आणि निवडणुकीच्या कामाला अर्धे कार्यालय जाते. म्हणून पाच हजारांच्या दंडाचा बडगा खालच्या कारकुनावर उगारून सुधारणा होणार नाही. दंडाच्या भीतीने तो आणखी एक त्रुटी काढील, एवढेच.

ही जबाबदारी कोणाचीच नसण्याची गोष्ट फक्त गिरणगावची नाही. गिरगावात, काळबादेवीत, भुलेश्वरात, परळ-लालबागच्याही कित्येक गल्ल्यांत उपकरप्राप्त इमारती आहेत. १९६९चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. १९४०च्या आधीच्या ‘अ’ वर्गातल्या इमारतींचे आज वय किमान पंच्याऐंशी. भाडेकरू दुरुस्तीचा उपकर भरत आले. पण इमारतीला तडा गेला की विचारायचे कोणाला? दुरुस्ती म्हाडाची, अनधिकृत बांधकामावरची कारवाई महापालिकेची, पुनर्विकासाचा आराखडा पुन्हा महापालिकेकडे, एनओसी म्हाडाकडे, भाडेकरूंची यादी तपासायची तिसऱ्याने, आणि मालक कोर्टात. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतली केसरबाई इमारत कोसळली. ढिगाऱ्याखाली माणसे अडकलेली असतानाच पडलेला भाग कोणाच्या अखत्यारीतला, नोटीस कोणी कशाला दिली होती, यावर म्हाडा आणि महापालिका यांचे खुलासे सुरू झाले होते. त्या खुलाशांत दोन्ही बाजू आपापल्या कागदांनिशी बरोबरही असतील. ते जास्त भयंकर आहे. प्रत्येक कार्यालयाचा कागद नीट, आणि इमारत रस्त्यावर.

त्यामानाने म्हाडा कायद्यात नंतर आलेले ७९-अ हे कलम विचाराने पुढचे आहे. धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला आधी सहा महिने, त्याने काही केले नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, तेही जमले नाही तर म्हाडाने स्वतः इमारत संपादन करून पुनर्विकास करायचा. एकाने हात वर केले तर पुढचा कोण, हे कायद्याने नाव घेऊन सांगितले. विधिमंडळाने हा बदल २०२० साली मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०२२चा डिसेंबर उजाडला. गिरगावातल्या टेकू लावलेल्या इमारतींनी त्या दोन वर्षांत दोन पावसाळे काढले.

सुधारणा होऊच शकत नाही, हे मात्र खोटे आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दप्तराची फेररचना केली. कागद वर्गवारीने लावले, कोणते प्रकरण कोणाकडे किती दिवस आहे हे एका नजरेत दिसेल असे केले, लोकांसाठी बसण्याची आणि एकाच ठिकाणी चौकशी करण्याची सोय केली. ‘लखीना पॅटर्न’ बघायला दूरदूरचे अधिकारी आले. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात झिरो पेंडन्सीची मोहीम राबवली. या दोन्हींत संगणकाचे नवल नव्हते. साचलेला कागद दिसू लागला आणि त्याला नाव चिकटले, हे नवल होते. दोन्हींची मर्यादाही एकच. ती अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली गेली, आणि आपल्याकडे अधिकाऱ्याची बदली होते.

२०१५च्या मार्चमधला शासन निर्णय मला याहून महत्त्वाचा वाटतो. बहुतेक कामांसाठी स्टॅम्पपेपरवरचे प्रतिज्ञापत्र आणि साक्षांकित प्रती नकोत, अर्जदाराची स्वतःची घोषणा आणि स्वतःची सही चालेल, असे सरकारने ठरवले. राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्यासाठी दादर-परळच्या कॉलेजांतल्या प्राचार्यांच्या दारात उभी राहणारी मुले त्यानंतर कमी झाली. एका निर्णयाने लाखो फेऱ्या वाचल्या, एक पैसा खर्च न होता. नागरिक खरे बोलतो हे आधी धरून चालायचे आणि खोटे निघाले तर शिक्षा करायची, एवढाच त्यातला विचार. तरी आजही कुठल्या कुठल्या खिडकीवर ‘ॲफिडेव्हिट आणा’ ऐकू येते, कारण तो निर्णय न पाळणाऱ्याला कोणी विचारत नाही.

‘मग बोगस अर्जांचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. मुंबईत घर म्हटले की दलाल येणार, खोटे वारस उभे राहणार. पण खोटे कागद पकडायचे असतील तर अर्जदाराने आणलेल्या झेरॉक्सवर विसंबण्यासारखा दुसरा कच्चा उपाय नाही. झेरॉक्स बनवता येते. ईएसआयच्या दप्तरातली चाळीस वर्षांपूर्वीची नोंद बनवता येत नाही. खात्रीचा पुरावा सरकारने आपल्याच दोन कार्यालयांतून जुळवला तर दलालाचा धंदाच बसतो. दलाल जगतो तो कागद ‘मिळवून’ देण्यावर. एस्टोनियासारख्या छोट्या देशाने २००१पासून सरकारी नोंदवह्या एकमेकींना जोडल्या आणि एकदा दिलेली माहिती नागरिकाला पुन्हा विचारायची नाही, हे तत्त्व पाळायला घेतले. आपला पसारा मोठा आहे, आपली जुनी दप्तरे हाताने लिहिलेली आहेत, हे खरे. पण ५८ गिरण्या म्हणजे काही अनंत पसारा नव्हे.

ऑनलाइनचा उपायही तपासून घ्यावा. ज्या पोर्टलवर तेच सगळे कागद पीडीएफ करून चढवायचे असतात, त्याने रांग फक्त कार्यालयातून उठून सायबर कॅफेत जाते. सत्तरीतल्या माणसाला ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो इथपासून परावलंबन सुरू होते. यंत्र आधी सरकारच्या दोन टेबलांमध्ये बसले पाहिजे, नागरिक आणि टेबलाच्या मध्ये नंतर.

मग करायचे काय? अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, अधिकाऱ्याच्या नावानिशी, कळवायच्या. त्यानंतर नवी त्रुटी काढायला बंदी, आणि पत्र गेलेच नाही तर सोळाव्या दिवसापासून अर्ज परिपूर्ण समजून मुदत सुरू. ही दुरुस्ती लोकसेवा हक्क कायद्यात दोन ओळींत बसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात १९६६पासून अशीच सोय आहे: नियमात बसणाऱ्या बांधकामाच्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. इमारत बांधणाऱ्याला जे संरक्षण कायद्याने साठ वर्षांपूर्वी दिले, ते त्याच जमिनीवर आयुष्य घातलेल्या साचेवाल्याला द्यायला काय हरकत आहे? त्याचबरोबर कर्मचाऱ्यालाही अभय हवे. उपलब्ध नोंदी पाहून, लेखी कारण देऊन, सद्भावनेने घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला तरी त्यापायी त्याची पेन्शन अडकता कामा नये. आणि उशिराचा रकाना त्याच्या साहेबाच्या वार्षिक गोपनीय अहवालात गेला पाहिजे.

गिरणी कामगारांपुरते बोलायचे तर उलटी वाट धरावी. वस्त्रोद्योग महामंडळ, ईएसआय, भविष्य निर्वाह निधी आणि कामगार आयुक्त यांच्या नोंदी एकत्र करून गिरणीनिहाय यादी सरकारनेच तयार करावी, ती परळ-लालबागमध्ये आणि साताऱ्या-सिंधुदुर्गाच्या तहसील कचेऱ्यांत लावावी, आणि ज्यांचे नाव त्यात नाही त्यांच्याकडूनच कागद मागावेत. नावातल्या तफावतीसाठी त्याच खात्यात काम केलेल्या दोघांची साक्ष पुरेशी धरावी. गिरणगावात अजून असे साक्षीदार हयात आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील.

लोकप्रतिनिधींना यात मोठे काम आहे. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षे वॉर्डातल्या माणसाला सभागृहात विचारणारे कोणी नव्हते. १८८८च्या महापालिका कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्तांकडे दिली, तर आयुक्तांना जाब विचारण्याचे काम नगरसेवकांकडे. ‘साहेबांना फोन लावतो’ म्हणून एकेका माणसाची फाइल सोडवण्यात हे काम होत नाही. ज्याला नगरसेवक ओळखत नाही त्याची फाइल तिथेच राहते.

म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या नव्या नगरसेवकांना माझी विनंती आहे. प्रभाग समितीच्या प्रत्येक बैठकीत एक आकडा लेखी मागा: आपल्या वॉर्ड ऑफिसात त्रुटी काढून थांबवलेले अर्ज किती, त्यांत दुसऱ्यांदा त्रुटी काढलेले किती, आणि त्यांतले किती कागद महापालिकेच्याच दुसऱ्या खात्यात पडून आहेत. इथल्या आमदारांनी हाच प्रश्न म्हाडाबद्दल विधानसभेत विचारावा. उत्तर मिळेपर्यंत पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याच्याकडे आणखी एका मोहिमेइतका वेळ नाही.